पद्मिनी प्रदर्शनाला निघते तेव्हा

जुन्या मोटारींचं प्रदर्शन म्हटलं की संस्थानिकांच्या रोल्स-रॉईस आठवतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जुन्या गाड्यांची कुळकथा वेगळी आहे. १९५०-५१ साली प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत उसाच्या पैशाबरोबर बागायतदारांच्या दारात जीप आल्या. तालुक्याच्या डॉक्टर-वकिलांनी फियाट घेतली, पुढाऱ्यांनी अॅम्बॅसडर. नगर शहरात तर चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र, त्यामुळे लष्करी वाहनांची ओळख इथल्या पोरांना शाळेच्या वयातच होते. त्या काळातल्या गाड्या आता पन्नाशी गाठताहेत. कुणाची वाड्याच्या पडवीत आहे, कुणाची गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली.

अशी गाडी पुण्या-मुंबईच्या किंवा गावच्या मैदानावरच्या प्रदर्शनात उतरवायची, तर तयारी कशी करावी? यावर दोन ठाम मतं आहेत. एक मत सांगतं, गाडी कारखान्यातून निघाली तशी झळाळली पाहिजे. दुसरं सांगतं, जे मूळचं टिकलंय त्याला हात लावू नका. ही मतं इथे दोन पात्रांच्या तोंडून मांडली आहेत. एक मेस्त्री, ज्यांचं आयुष्य गॅरेजात गेलं. दुसरे सर, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे वडिलांनी घेतलेली १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. पात्रं प्रातिनिधिक आहेत. नियम, वर्षं आणि गाड्यांचे तपशील खरे आहेत.

मेस्त्रींनी सुरुवातच रंगापासून केली. "सर, गाडी पूर्ण खोलू. जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडू, जिथं खड्डा तिथं लांबी भरू, वरून टू-के पेंट मारू. बंपरला नवं क्रोम. बोनेटमध्ये माणसाला स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे."

"रंगाचं नंतर बघू, मेस्त्री. आधी ती कुठल्या गटात उभी राहणार ते ठरवू."

"जुनी गाडी म्हणजे व्हिंटेज. त्यात ठरवायचं काय?"

ठरवण्यासारखं बरंच असतं, आणि प्रवेश अर्ज भरताना बहुतेकांची गल्लत इथेच होते. ऐतिहासिक वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वर्गवारीत १९१९ ते १९३० च्या गाड्या व्हिंटेज, १९३१ ते १९४५ च्या पोस्ट-व्हिंटेज. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गाड्यांचे गट त्यापुढे. फिवाच्या व्याख्येत ऐतिहासिक वाहन किमान ३० वर्षांचं असावं, त्याचं स्वरूप इतिहासाला धरून जपलेलं असावं आणि ते रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरात नसावं. भारत सरकारचा हिशेब निराळा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज मानली जाते. म्हणजे सरांची पद्मिनी कायद्याने व्हिंटेज ठरू शकते, पण एखाद्या मैदानावर तिला 'क्लासिक' किंवा 'युद्धोत्तर' गटात उभं राहावं लागेल. आयोजक कुठली वर्षं धरतात हे फोन करून विचारणं, ही तयारीची पहिली पायरी.

सरांनी कागदपत्रांची पिशवी उघडली. नोंदणी पुस्तक, विम्याचे जुने कागद, वडिलांच्या हातची बुकिंगची पावती. परवाना राजच्या त्या काळात फियाटसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, त्यामुळे अशी पावती हा गाडीच्या जन्माचा पुरावा असतो.

"मला ही पिशवी रंगापेक्षा मोलाची वाटते," सर म्हणाले. "परीक्षकाने विचारलं की गाडी कोणाची, कधीची, तर बोट ठेवायला कागद आहे."

"कागद बघायला कोण येतंय सर? लोक गाडी बघायला येतात."

"लोक गाडी बघतात. परीक्षक चेसिस नंबर बघतो. तुम्ही पत्र्यापर्यंत खरवडून वर जाड रंग मारला आणि नंबर बुजला, तर?"

यावर मेस्त्री क्षणभर थांबले, कारण हा धोका त्यांना चांगला ठाऊक होता. आरटीओत पेन्सिल प्रिंट घेताना नंबर उमटत नाही म्हणून परत आलेली माणसं त्यांनी पाहिली होती. चेसिस आणि इंजिनाचा नंबर नोंदणी पुस्तकाशी जुळतो का, हे रंगाचा डबा उघडण्यापूर्वी पाहायचं, त्याचे फोटो काढायचे आणि ती जागा रंगापासून झाकून ठेवायची, यावर दोघांचं एकमत झालं.

व्हिंटेज नोंदणी घ्यावी की नाही, हा मात्र वादाचा मुद्दा ठरला. २०२१ च्या नियमानुसार नव्या व्हिंटेज नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे; प्रमाणपत्र १० वर्षं चालतं. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. पण बंधनंही आहेत. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. व्यावसायिक वापर चालत नाही.

"म्हणजे लग्नाच्या वरातीला भाड्याने द्यायची नाही?" मेस्त्रींनी विचारलं. "सर, सीझनमध्ये फुलं लावलेल्या जुन्या गाडीला मागणी असते. गाडीचा खर्च गाडीनंच काढला तर वाईट काय?"

"खर्च काढायचाय त्यांनी ती नोंदणी घेऊ नये. साध्या नोंदणीवर ठेवावी, १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं, गाडी दाखवून तपासणी करून घ्यावी. तरी भाड्याने द्यायची तर त्याचे नियम वेगळे, खासगी नंबरवर तेही बसत नाही. मला गाडी भाड्याने द्यायची नाहीच. पण प्रत्येकाने हे आधी ठरवावं, नाहीतर शुल्क भरून झाल्यावर पस्तावायची वेळ येते."

याच नियमात एक अट आहे, जिच्याकडे जीपवाल्यांचं हमखास दुर्लक्ष होतं. गाडी मूळ स्वरूपात असावी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. जिल्ह्यातल्या कितीतरी विलीज आणि महिंद्रा सीजे-३बी जीपचं पेट्रोल इंजिन काढून त्या जागी डिझेल इंजिन बसवलेलं आहे. शेतीच्या कामाला ते सोयीचं होतं, परवडणारं होतं. युद्धकाळातल्या विलीज एमबीचं मूळ इंजिन २,१९९ सीसीचं, चार सिलिंडरचं. सीजे-३बीमध्ये उंच इंजिन आलं, म्हणून बोनेटही उंच झालं. बोनेट उघडताच परीक्षकाला काय बदललंय ते कळतं.

"मग त्या जीपवाल्यानं घरीच बसायचं का?" मेस्त्रींचा आवाज चढला. त्यांनी स्वतः अशी इंजिनं बदलली होती आणि त्या जीप अजून चालतात याचा त्यांना अभिमान होता. "माझ्या हातची जीप डोंगरावरनं पाण्याचा टँकर ओढत होती. तिला काय मान नाही?"

"आहे ना. पण तिने 'मूळ स्वरूप' गटात अर्ज भरू नये. फेरफार केलेल्या गाड्यांचा गट असेल तर त्यात जावं, नसेल तर स्पर्धेबाहेर, नुसतं प्रदर्शनासाठी उभं राहावं. आणि फलकावर सरळ लिहावं: डिझेल इंजिन अमुक साली बसवलं, शेतीसाठी. तो या जिल्ह्याचा इतिहासच आहे, लपवायचा कशाला?"

वाद पुन्हा रंगावर आला. सरांच्या गाडीचा मूळ रंग टपावर आणि डिकीवर शाबूत आहे, डाव्या मडगार्डवर जुनी डागडुजी आहे, दारांच्या खालच्या कडेला गंजाचे फोड आलेत. मेस्त्रींना हे बघवत नव्हतं.

"असली गाडी मैदानात उभी केली तर लोक म्हणतील, भंगारात निघालेली टॅक्सी आणली."

सरांनी अमेरिकेतलं उदाहरण काढलं. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला १९५० पासून मोटारींचं प्रदर्शन भरतं, आणि जगभरचे संग्राहक तिथल्या सर्वोच्च पुरस्कारासाठी धडपडतात. अनेक दशकं तो मान आरशासारख्या चकचकीत, नव्याने उभारलेल्या गाड्यांना मिळत आला. ऑगस्ट २०२४ मध्ये तो १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाला. बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे राहिलेली ती रेसिंग गाडी कधी नव्याने उभारलेली नव्हती. जपलेल्या, न उघडलेल्या गाड्यांच्या गटातून आलेली गाडी तिथे सर्वोच्च ठरण्याची ती पहिलीच वेळ.

"मूळ रंग एकदाच असतो, मेस्त्री. तो खरवडला की पुन्हा आणता येत नाही. नवा केव्हाही मारता येतो."

मेस्त्रींनी याला दिलेलं उत्तर कुठल्याही संग्राहकाने ऐकून ठेवावं असं होतं. "राजाची गाडी कोरड्या गॅरेजात होती सर. आपली पावसात उभी होती. आणि पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. पत्रा हाच तिचा सांगाडा. दाराखालची पट्टी, फ्लोअर, सस्पेन्शन जिथं बसतं ती जागा, तिथं गंज लागला तर जुनेपणा म्हणून मिरवायचा नसतो. तिथं पत्रा कापून नवा जोडावाच लागतो. तुम्ही टपावरचा रंग जपा, मी हात लावणार नाही. पण खालचा गंज मला द्या."

सरांनी मान्य केलं. फिवाने २०१२ साली स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेचा रोखही असाच आहे: आधी जतन, गरजेपुरती दुरुस्ती, आणि जे काही बदललं त्याची नोंद. त्यामुळे कामाची वाटणी झाली. टप आणि डिकीवरचा रंग हलक्या पॉलिशने, हाताने स्वच्छ करायचा. बफिंगचं मशीन लावायचं नाही, कारण जुना रंग पातळ झालेला असतो आणि कडांवर लगेच पत्रा उघडा पडतो. दारांच्या कडा आणि फ्लोअर कापून जोडायचं. लांबीचा थर जाड होऊ द्यायचा नाही. परीक्षकाने लोहचुंबक फिरवला तर तो चिकटला पाहिजे.

पद्मिनीचा सगळा तपशील वर्षावर बेतलेला असतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात आधी फियाट ११०० बनवली, जिच्या जुन्या रूपाला आपल्याकडे प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणतात. १९६४ पासून ११०० डिलाइट आली, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये पद्मिनी. त्यामुळे १९७५ च्या गाडीवर फियाटचं चिन्ह लावलं तर ते कितीही सुंदर दिसलं तरी चूक. त्या वर्षीच्या गाडीला १,०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट. उशिराच्या गाडीचा जमिनीवरचा गिअर तिला बसवला, की गाडी कुठल्याच वर्षाची राहत नाही.

"रेक्झिनही तसलंच हवं," मेस्त्रींनीच आठवण करून दिली. "चकाकणारं नवं फोम लेदर नको. जुन्या सीटचा एक तुकडा फाडून शिवणाऱ्याला नमुना द्या. शिलाईची रेघ किती अंतरावर आहे तेही मोजा." चकाकीचा आग्रह धरणारे मेस्त्री इथे सरांपेक्षा कडक निघाले.

सुरक्षेच्या बाबतीत तर त्यांनी सरांचं काहीच चालू दिलं नाही. सरांना जुने टायर ठेवायचे होते, कारण त्यांच्यावरची नक्षी त्या काळची होती. मेस्त्रींनी बाजूच्या भेगा दाखवल्या. टायर बदलायचे, जुना एखादा स्टेपनी म्हणून डिकीत दाखवायला ठेवायचा. चारही चाकांच्या ड्रम ब्रेकचे सिलिंडर, त्यांची रबरं नवी घालायची. अग्निशामक सिलिंडर सीटखाली. वायपर, हॉर्न, दोन्ही दिवे, ब्रेकलाइट चालू हवेत. अनेक ठिकाणी परीक्षक ते चालवून बघतात.

आणि मग पेट्रोल. हा मुद्दा या जिल्ह्याशी थेट बांधलेला आहे, कारण पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल उसापासूनही तयार होतं आणि उसाचा हा जिल्हा त्यात पुढे आहे. देशात २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल विक्रीला आलं, आता ते सर्वत्र झालं आहे. १९७५ च्या गाडीची रबरी नळी, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधली रबरं या मिश्रणासाठी बनलेलीच नव्हती. ती फुगतात, चिरतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोलचा थेंब पडला तर आग लागू शकते.

"इथेनॉल चालणाऱ्या नव्या नळ्या टाकू," मेस्त्री म्हणाले. "बाहेरून जुन्यासारख्याच दिसतात. आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढतं, टाकीच्या तळाला गंज धरतो."

सरांनी ते फलकावर लिहायच्या यादीत टाकलं: पेट्रोल नळ्या, नव्या.

गाडी पुण्याला न्यायची तर चालवत की ट्रेलरवर? इथे सरांनी अनपेक्षितपणे मेस्त्रींच्या बाजूने कौल दिला. नगर ते पुणे सुमारे १२० किलोमीटर. सुपे, शिरूर, रांजणगाव, वाघोली. चालवतच न्यायची, कारण रॅलीत भाग घ्यायचा तर गाडी दमदार चालली पाहिजे आणि आधी दोन-तीन लांब फेऱ्या झाल्या असतील तर गळती, तापणं, चार्जिंग सगळं उघड होतं. फक्त निघायची वेळ पहाटेची. उन्हाळ्यात पंपातलं पेट्रोल तापून वाफ होते आणि गाडी रस्त्यातच बंद पडते. त्यावर पंपावर ओलं फडकं टाकणं हा जुना इलाज मेस्त्री अजून वापरतात. सोबत कंडेन्सर, पॉइंट, फॅनबेल्ट, प्लग, पाण्याचे कॅन. आणि विमा, पीयूसी, नोंदणी हे सगळं चालू हवं. प्रवेशपत्राने वाहतूक पोलिसाचं समाधान होत नाही.

नंबर पाटीवरून शेवटचा तंटा झाला. सरांच्या गाडीवर १९८९ च्या आधीची तीन अक्षरी मालिका हाताने रंगवलेली आहे, आणि त्या रंगाऱ्याची अक्षरं सरांना प्रिय आहेत. पण महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही उच्च सुरक्षा नंबर पाटी बंधनकारक झाली आहे. "नवी पाटी लावा," मेस्त्री म्हणाले, "आणि जुनी फलकाजवळ ठेवा. लोक तीच बघतील." सरांना हे पटायला वेळ लागला, पण पटलं.

फलक कसा असावा याचा धडा नगरमध्येच मिळतो. १९९४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या इथल्या रणगाडा संग्रहालयात सुमारे ५० वाहनं आहेत, त्यांत रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्टवर उभारलेली चिलखती मोटार आहे आणि पाकिस्तानकडून जिंकलेले पॅटन रणगाडे आहेत. पॅटनसमोर उभ्या माणसाला ते कोणत्या युद्धात हाती आले हे कळलं, की तो लोखंडाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. घरच्या गाडीचंही तसंच: कुणी घेतली, कशासाठी, कुठे-कुठे गेली, काय बदललं. पाच-सहा ओळी, मोठ्या अक्षरात, मराठीत. परीक्षक आले की मालकाने गाडीशेजारी उभं राहावं, विचारलं तेवढंच सांगावं, ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणावं.

"आणि लुना पण घ्या शेजारी," मेस्त्रींनी सुचवलं. सरांच्या पडवीत एक जुनी लुना आहे. १९७२ मध्ये बाजारात आलेली ही ५० सीसीची मोपेड कायनेटिकची, आणि कायनेटिकचा कारखाना नगरचा. नियमात दुचाकीही धरलेल्या आहेत. पुण्याच्या मैदानावर परदेशी मोटारसायकली कितीही असोत, नगरची लुना नगरच्या पद्मिनीशेजारी उभी असणं ही या जिल्ह्याची ओळख ठरेल, असं त्यांचं म्हणणं. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, तेव्हापासून तिच्याकडे बघायला लोक थांबतात, हेही त्यांनी जोडलं.

सरांनी अर्ज पुढे ओढला. गट: क्लासिक, जतन केलेली. नोंदणीचं वर्ष: १९७५. 'केलेले बदल' या रकान्यात सर लिहू लागले आणि मेस्त्री सांगू लागले: दारांच्या खालच्या पट्ट्या, फ्लोअर, ब्रेकची रबरं, पेट्रोल नळ्या, टायर.

"डावं मडगार्ड राहिलं," मेस्त्री म्हणाले. "ते मीच ठोकून सरळ केलं होतं, वडील असताना. रंग जुळला नव्हता. ते तसंच राहू द्या, पण लिहा."

"कुणी केलं तेही लिहितो," सर म्हणाले. फलकावर गाडी घेणाऱ्या वडिलांच्या नावाखाली तिला इतकी वर्षं चालती ठेवणाऱ्या मेस्त्रींचं नाव येणार, हे तेव्हा ठरलं. बंपरच्या क्रोमवर मात्र दोघांचं अजून जमलेलं नाही. मेस्त्रींना दोन्ही बंपर नव्याने प्लेटिंगला पाठवायचे आहेत. सर म्हणतात, फक्त पुढचा, कारण मागच्याचं मूळ क्रोम अजून धरून आहे. अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेआधी तेवढं ठरवायचं बाकी आहे.